वॉटर रिंग पंप वाईट नाही भाऊ, पण पाण्याचं तापमान पाहा

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलं त्याबद्दल थँक्यू. तुमचं म्हणणं असं की रिअॅक्टरच्या व्हॅक्यूमसाठी मी उगाच ड्राय स्क्रू पंपाची (आत पाणी न वापरता दोन स्क्रूंनी हवा ओढणारा) बाजू घेतो, बुटीबोरीत (नागपूरजवळच्या एमआयडीसीत) तुमच्याकडे वॉटर रिंगच (आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्याने हवा ओढणारा पंप) चालतो, पाणी थंड करायला कूलिंग टॉवर आहे, पाणी स्वस्त आहे, मग नागपूरच्या उन्हाचं कारण काहून सांगता.

उन्हाचं अर्धं बरोबर आहे तुमचं. मे मधे 45 डिग्री असलं तरी हवा कोरडी, टॉवर मस्त काम करतो. खरा त्रास जुलै-ऑगस्टमधे, हवा दमट झाली की पाणी 30 च्या खाली यायचं नावच घेत नाही, आणि कॅटलॉगमधला कर्व्ह (पंप कोणत्या दाबाला किती ओढतो त्याचा आलेख) सहसा 15 डिग्री पाण्यावर काढलेला असतो हे कोणी पाहतच नाही. 15 डिग्रीला पाण्याचं व्हेपर प्रेशर (वाफेचा दाब) 13 टोर, 30 ला 32 टोर (टोर हे दाबाचं माप, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम जास्त), म्हणजे पंपातला दाब त्याच्या जवळ नेलात की रिंगमधलं पाणीच उकळायला लागतं, आत खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलरला (आतल्या फिरत्या पात्याच्या चाकाला) खड्डे पडतात. 100 टोरवर टोल्यूइन काढत असाल (तिथे ते 52 डिग्रीच्या आसपास उकळतं) तर वॉटर रिंगच ठेवा, मीही तेच सांगीन. पण 20 टोर पाहिजे असेल तर मोठा पंप घेऊन काही होत नाही, चिलरचं पाणी द्या नाहीतर पंपाच्या आधी इजेक्टर किंवा बूस्टर (दाब आणखी खाली नेणारी जोड यंत्रं) लावा.

"पाणी स्वस्त" हे मात्र मला अजिबात पटत नाही. अॅसिटोन, मिथेनॉल त्या पाण्यात विरघळतं, तुमचं विकत आणलेलं सॉल्व्हंट ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधे) जातं, तिथे सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं माप) वाढतो, वरून रिंगमधल्या पाण्याचं व्हेपर प्रेशर वाढून व्हॅक्यूमही कमी होतो. हा खर्च पंपाच्या किमतीत धरा न, मग तुलना करा.

ड्राय स्क्रू सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणतच नाही. आत गॅप अगदी बारीक, चिकट पॉलिमर किंवा पावडर ओढली गेली की स्क्रू जाम. रिअॅक्टरमधून लिक्विड उसळून आलं तर वॉटर रिंग बऱ्यापैकी गिळून घेतो, ड्राय स्क्रूला ते झेपत नाही. आतून ड्राय स्क्रू चांगलाच तापतो, त्यामुळे इथरसारखं 160-180 डिग्रीला आपोआप पेटणारं काही असेल तर पंप बनवणाऱ्याकडून आतलं तापमान लेखी घ्या. एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या) वाफा असतील तर बंद करायच्या आधी नायट्रोजन पर्ज (आत नायट्रोजन फिरवून वाफा बाहेर काढणं) पाहिजेच, नाहीतर थंड झाल्यावर आत अॅसिड जमतं.

एक करा, रिकामा, कोरडा रिअॅक्टर व्हॅक्यूमखाली घ्या, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अर्ध्या तासात गेज किती चढतो ते इथे लिहा. लिकेज असेल तर कोणताही पंप कमीच पडणार, म्हणून आधी तो आकडा कळू द्या, मग पंपाचं बोलू.