डोंग्याला शीड कसे लावावे

वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्या आणि काठावरच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांत मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांच्या एखाद्या संस्थेचे जुने संकेतस्थळ नूतनीकरणासाठी आपल्या हाती आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. आणि लगेच एक विनंती, की नदीकडे मुळीच फिरकू नका. नदीवर गेले की माणसे भेटतात, माणसे भेटली की ती त्या जुन्या पानावर रोज काय पाहतात हे सांगू लागतात, आणि एकदा ते कानावर पडले की पुढचे काम निर्मळ मनाने होत नाही. हे अनुभवाचे बोल आहेत. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या संस्थेच्या नूतनीकरण समितीत मीही होतो आणि प्रत्येक बैठकीत मान डोलावण्याची जबाबदारी मी चोख पार पाडली आहे.

आमचे जुने पान गावातल्याच एका मुलाने बारावीच्या सुट्टीत तयार केले होते. पिवळ्या रंगावर ठळक काळी अक्षरे, मधोमध एक तक्ता आणि खाली सचिवांचा फोन नंबर, एवढाच त्याचा थाट. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या ३३ दारांपैकी आज किती उघडी आहेत, किती क्युमेक पाणी सुटते आहे, मरळ आणि झिंगे काय भावाने गेले, मत्स्यबीज कोणत्या तलावात कधी सोडायचे, हे सारे त्या एका तक्त्यात मावत असे. ज्याला सौंदर्यदृष्टी आहे त्याला असले पान पाहवत नाही. आम्हालाही ते पाहवेनासे झाले, विशेषतः शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेच्या पानावर उडते पक्षी दिसू लागल्यापासून.

तेव्हा शहरातला एखादा व्यावसायिक गाठा आणि त्याच्याकडून तयार साचा विकत घ्या. आमच्या नशिबी आलेला साचा मुळात कुठल्याशा समुद्रकाठच्या शिडाच्या नौकांच्या क्लबासाठी घडवलेला होता आणि हीच त्याची थोरवी होती. पान उघडताच निळ्याशार समुद्रावर पांढरे शीड फुगवून एक नौका डौलाने झुकते. आमच्या डोंग्याला डोलकाठी नाही, शीड नाही, तो एका लाकडाचा कोरलेला असून बांबूने रेटत न्यावा लागतो, या क्षुल्लक बाबी व्यावसायिकाच्या कानी घालू नका. तो त्याचे जादा पैसे लावतो. साच्यातल्या मथळ्यांनाही हात लावण्याचे कारण नाही. आमचा घाट आता ‘मरीना’ झाला आहे आणि पोळ्यानंतरची वार्षिक सभा ‘रेगाटा’, म्हणजे नौकांच्या शर्यती, या सदरात सापडते. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये येतो, म्हणजे त्याला १.८५२ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात, आणि डोंग्यात उभ्या असलेल्या माणसाकडे गुणाकाराखेरीज दुसरे काम तरी काय असते?

याच साच्यात भरती-ओहोटीचा एक सुबक तक्ता होता, तोही आम्ही अभिमानाने राखला. त्यात मुंबईच्या भरतीच्या वेळा येतात. वैनगंगेचे पाणी वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात, तेव्हा भरती दाखवायचीच तर निदान त्या बाजूची दाखवा, अशी शंका समितीतल्या एका निवृत्त गुरुजींनी काढली. त्यांना पुढच्या बैठकीचे निमंत्रण गेले नाही.

आता मुख्य पराक्रमाकडे वळू. जुन्या तक्त्यातले आकडे रुक्ष असतात. त्यांच्या जागी चित्रे आणा. आमच्याकडे पाण्याचा एक थेंब म्हणजे विसर्ग कमी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त, आणि तिन्ही थेंब हसरे आहेत. आकडा ठेवावाच लागला, तर क्युसेक आणि क्युमेक हे शब्द आलटून पालटून वापरा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर आणि एक क्युसेक म्हणजे सुमारे २८ लिटर, असा दोहोंत ३५ पटींचा फरक असला तरी दोन्ही शब्द ‘क्यु’नेच सुरू होतात आणि दिसायला सारखेच छान दिसतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचा पूर आमच्या तालुक्यातल्या गावांत शिरला, तेव्हा लोक तासातासाला आकडा पाहत होते. थेंब असते तर निदान हसरे तोंड तरी दिसले असते.

वजनाचेही थोडे पाहू. जुने पान चाळीस केबीचे असेल, तर सेकंदाला शंभर किलोबिटांनी रखडणाऱ्या नेटवर्कवर, म्हणजे आमच्या घाटावर, ते तीन-साडेतीन सेकंदांत उघडते. पहिल्याच पडद्यावर बारा एमबीची चित्रफीत घातली की तेवढ्याच नेटवर्कवर ती उतरायला सोळा मिनिटे लागतात. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा असे गूगल सांगते, पण गूगलला आमच्या घाटाची शांतता ठाऊक नाही. अक्षरे पांढऱ्यावर फिकट करडी ठेवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ : १ इतका फरक असावा, असा सुगम संकेतस्थळांचा जागतिक दंडक आहे, आपण त्याच्या निम्म्यावर थांबावे. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात पडदा संपूर्ण कोरा दिसतो आणि पाहणाऱ्याच्या मनाला विसावा मिळतो.

उद्घाटनानंतर दोनच दिवसांनी एक काकाजी फोन घेऊन माझ्या ओसरीवर आले. सचिवांचा नंबर आता पानावर नव्हता; त्याऐवजी एक अर्ज होता आणि त्याच्या शेवटी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायचे होते. बोटी असलेले चौकोन निवडा, अशी ती परीक्षा होती. काकाजींनी ओला अंगठा धोतराला पुसला, चष्मा वर सरकवला आणि नऊच्या नऊ चौकोन निरखून पाहिले.

“बाबू, याच्यात डोंगा कोनता होय?”

“काकाजी, डोंगा नाही, ती मोटारीची बोट दाबा.”

“मोटारवाली? थे कायची बोट होय!” असे म्हणून त्यांनी एकही चौकोन निवडला नाही आणि साठ वर्षे पाण्यावर काढलेला तो माणूस माणूस असल्याचे सिद्ध करू शकला नाही. जाताना त्यांनी पाणी किती सोडले एवढेच विचारले. मी थेंब मोजून दोन असे सांगितले.

जुनी पाने मात्र निर्दयपणे पुसा. कोणत्या वर्षी कोणता तलाव सांडव्यावरून वाहिला, कोणत्या आठवड्यात बीज सोडले आणि ते किती जगले, असल्या दहा वर्षांच्या नोंदी नव्या रंगसंगतीत बसत नाहीत. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पानावर पोचवण्याची सोय फुकटात होते, म्हणूनच ती करू नये. फुकटच्या कामाचे बिल कसे लावणार? त्यामुळे घाटाच्या भिंतीवर तैलरंगात लिहिलेला जुना पत्ता आता कोठेच जात नाही. सूचना मजकुराच्या रूपात न देता त्यांचे फोटो टाका, म्हणजे त्या शोधून सापडणार नाहीत, मोठ्या करता येणार नाहीत आणि अंधांच्या फोनला वाचूनही दाखवता येणार नाहीत.

एवढे करूनही लोक ऐकत नाहीत, हे मान्य करावे लागते. हल्ली घाटावर पालथ्या घातलेल्या एका जुन्या डोंग्याच्या काळ्या बुडावर कोणीतरी रोज सकाळी खडूने दोन आकडे लिहून जाते, दारे किती आणि क्युमेक किती. समितीने याची गंभीर दखल घेतली असून त्या डोंग्याचा एक कलात्मक फोटो काढून ‘आमचा वारसा’ या सदरात लावण्याचे ठरवले आहे. फोटो सुंदरच आला आहे. आकड्यांचा भाग तेवढा व्यावसायिकाने धूसर करून दिला.