फ्लेक्स उतरवा आधी

परवा वाईवरनं येताना पाऊण तास रस्त्यात अडकले. आधी ॲक्सिडेंट वाटला, तर पुढं मिरवणूक. फौजेतनं रिटायर होऊन आलेल्याचा सेवापूर्ती सोहळा. उघडी जीप, झेंडूच्या माळा, डीजेचा दणदणाट, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला दोन जेसीबी बकेट वर करून गुलाबाच्या पाकळ्या ओततायत. जीपमध्ये हवालदारसाहेब, छातीवर मेडल, सॅल्यूट ठोकून ठोकून हात भरून आलेला असणार. वय फार तर अडतीस. शेजारी वहिनी, नऊवारी, डोक्याला फेटा. सगळं गाव साहेबांकडं बघत होतं, मी वहिनींकडं. सवयच लागलीय, धंदाच तो आमचा.

आता पुढं जे लिहिणारे त्यावर शिव्या पडणार हे माहितीय, आमच्या सातारा जिल्ह्यात तर जास्तच. घरटी एक फौजी असलेली गावं आहेत इथं. अपशिंगे मिलिटरीच्या तर नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, स्मारक आहे त्यांचं. माझा स्वतःचा बाप फौजी. तर देशद्रोही वगैरे म्हणायच्या आधी पूर्ण वाचा, मग म्हणा. माझं म्हणणं एवढंच आहे की हा जो सत्काराचा प्रकार वाढत चाललाय ना, त्यानं माणसाचं तोंड बंद होतं, आणि मग ते उघडायला मला वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं लागतात, तेही उघडलं तर.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. लोकांना वाटतं सोशल वर्कर म्हणजे ब्लँकेट वाटणारी ताई. डॉक्टर गोळी लिहितात, सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतात, आणि तो माणूस ओपीडीतनं बाहेर पडल्यावर घरात, बांधावर, बँकेत, सासुरवाडीत काय होतं ते बघायचं ते माझ्याकडं. नऊ वर्षं झाली, त्यातले निम्मे तरी माजी सैनिक नाहीतर त्यांच्या घरातले. (खालच्या किश्शात गाव, हुद्दा, पलटण सगळं बदललंय. ओळखायला जाऊ नका, चुकाल.)

तर अशीच मिरवणूक निघालेले एक दादा. त्यांचा फ्लेक्स अजून डोळ्यासमोर आहे माझ्या, वीस फुटी, मागं बर्फाचे डोंगर, कोपऱ्यात वाघाचं तोंड आणि वर "सियाचीनचा वाघ". चार-पाच महिन्यांनी त्यांच्या मिसेस दवाखान्यात आल्या, म्हणजे माझ्याकडं नाही, पोरीच्या खोकल्याचं औषध न्यायला, आणि केसपेपरच्या रांगेतनं मला बघून हळूच आत आल्या. बांगड्या वर सरकवल्या. मनगट काळंनिळं. म्हणलं वहिनी, पोलिसात जायचं का, मी येते सोबत. तर म्हणाल्या, "ताई, ह्यांचा फ्लेक्स अजून चौकात आहे. स्टेशनला त्याच्या खालनंच जावं लागतं. कशी जाऊ सांगा की."

काय सांगणार, गप्प बसले मी.

(आणि हे आत्ताच सांगते, आजार आहे म्हणून बायकोवर हात उचलणं माफ होत नाही. आम्ही आधी त्यांची आणि पोरीची रात्री कुठं जायची सोय लावली, नणंदेच्या घरी, किल्ली घेऊन ठेवली, मग दादांचं बघितलं. क्रम हाच.)

पहिल्या भेटीत मी मन, टेन्शन, डिप्रेशन यातला एकही शब्द काढत नाही. झोप विचारते. झोपेबद्दल फौजी माणूस बोलतो, कारण झोप न येणं यात लाज नाही. दादा म्हणाले, "सब ठीक है मॅडमजी." अटेंशनमध्ये बसलेले, खुर्चीवर अटेंशनमध्ये बसता येतं हे मला याच कामात कळलं. घर बघितलं तर चादरीला एक सुरकुती नाही, बूट रांगेत, आणि आठ वर्षांची पोरगी मी आत आल्याबरोबर ताठ उभी राहिली. सकाळी पाचला उठवायचे तिला, दात घासले की फॉल इन, म्हणजे रांगेत हजर. आता वहिनींचा हिशोब ऐका. लग्नाला चौदा वर्षं, वर्षाला दोन महिने ॲन्युअल लिव्ह आणि वरनं थोडी कॅज्युअल, सगळं धरून नवरा घरात राहिला साडेतीन वर्षं. बाकीची साडेदहा वर्षं ऊस, लाईटबिल, सासूचं मोतिबिंदू, सोसायटीचं कर्ज सगळं ह्यांनी एकटीनं बघितलं, आणि आता एक माणूस घरात येऊन विचारतो की मोटर मला विचारल्याशिवाय चालू का केली. हे पीटीएसडी, म्हणजे जुन्या धक्क्यानं होणारा मनाचा आजार, वगैरे नाही हो. दोन कमांडर एका पोस्टवर आल्यावर काय होणार?

पण दादांचं तेवढंच नव्हतं. ज्या दिवशी मनगट पिरगळलं त्या दिवशी घरात रंगकाम चालू होतं आणि रंगाऱ्यानं ब्रश धुवायला रॉकेल आणलेलं. हे वहिनींनी तिसऱ्यांदा आल्यावर सांगितलं, तेही सहज, मी विचारलं म्हणून की त्या दिवशी वेगळं काय होतं. लोकांना वाटतं दिवाळीच्या फटाक्याला फौजी दचकतो, पिक्चरमध्ये तसंच असतं. माझे निम्मे फौजी फटाके स्वतः लावतात. त्रास होतो तो अशा कशाचा तरी, जे दुसऱ्या कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही.

आमच्या वडिलांचं, बापूंचं, रस्त्याखालच्या मोरीचं होतं. ते 87 ला शांतिसेनेत श्रीलंकेला गेलेले. तिथं एलटीटीई ही बंडखोर संघटना रस्त्याला, मोरीखाली सुरुंग पेरायची. परत आल्यावर पुढची वीस वर्षं बापू सायकल असो की एमएटी गाडी, मोरी आली की थांबायचे, उतरायचे, खाली वाकून बघायचे आणि मग पुढं. आम्ही पोरं हसायचो. गावात त्यांना मोरी मास्तर म्हणायचे. अकराशेहून जास्त जवान गेले त्या मोहिमेत, 1990 च्या मार्चमध्ये पलटणी परत आल्या, आणि आमच्या गावात कुणी हारसुद्धा घातला नाही, कारण लढाई कुणाशी आणि कशाला हेच कुणाला कळलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल की बघ, सत्कार झाला नाही तरी बापू गप्पच राहिले ना. हो, राहिले. सत्कार झाला असता तर त्यांना बरंही वाटलं असतं, नाही म्हणत नाही मी. पण बापूंना चिडवणारं गाव होतं, त्यामुळं आजी निदान शेजारणीजवळ रडू शकत होती. वाघाच्या घरातल्यांना तेवढीही सोय नाही.

आणि गप्प राहायचं ट्रेनिंग तर आधीपासूनच असतं. फौजेत मेडिकल कॅटेगरीला शेप म्हणतात, पाच इंग्रजी अक्षरं, त्यातलं पहिलंच अक्षर एस, म्हणजे मनाचं. कान, हातपाय, डोळे सगळे त्याच्या मागनं. कागदावर मन पहिल्या नंबरला! पण त्या एसपुढं एक (म्हणजे फिट) सोडून दुसरा आकडा पडला की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्याची धाकधूक, हातातनं हत्यार काढून घेतील ती वेगळी. आणि सायकियाट्रीला पाठवायचं तर कमांडिंग ऑफिसरचा रिपोर्ट लागतो, एएफएमएसएफ-10. त्यामागं कारण आहे, युनिटमध्ये माणूस कसा वागतो हे डॉक्टरला कळायला पाहिजे. पण जवानाला त्यातनं एवढंच कळतं की आपल्याला झोप येत नाही हे आधी साहेबाला कळणार. मग सतरा वर्षं तो "सब ठीक है सर" म्हणतो, आणि अठराव्या वर्षी जीपवर चढवून आपण परत तेच म्हणायला लावतो.

दारूचं लिहिलं नाही तर पोस्ट अर्धी राहील. कँटीनच्या रमला नावं ठेवणारी मी नाही, कोटा घेऊन पाहुण्यांना वाटणारेही ढीगभर आहेत. माझी तक्रार घरच्यांच्या इलाजाबद्दल आहे. रोज अर्धी-पाऊण बाटली घेणाऱ्या माणसाला एकादशीला माळ घालतात आणि म्हणतात आता थेंब नाही. भावना चांगली आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घामानं भिजतो, फिट येऊ शकते, समोर नसलेली माणसं दिसायला लागतात. मग घरचे म्हणतात बाहेरचं झालं. एका सुभेदारसाहेबांना असं अंगाऱ्यावर दोन दिवस ठेवलेलं, खाटेवरनं उठून "पोस्ट सोडा, पोस्ट सोडा" ओरडत होते, ॲडमिट केले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं. वाचले. माळ जरूर घाला पण आधी डॉक्टरला दाखवून, चार-पाच दिवस गोळ्यांच्या आधारानं सोडवा. आणि दुसरं, ती भाजीत गुपचूप कालवायची पावडर. त्यात बऱ्याचदा असं औषध असतं की ते पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी एकदम खाली येऊन जीवावर बेततं. त्याच्या नकळत देऊ नका. हात जोडते.

कागदाचं काम तर विचारूच नका. माझा अर्धा आठवडा कागदात जातो, आणि त्यालाच मी ट्रीटमेंट समजते. एक नायक हुद्द्याचे जवान होते, मेडिकल बोर्डवर बाहेर पडलेले, शेरा असा की हा आजार नोकरीमुळं झालाही नाही आणि नोकरीमुळं वाढलाही नाही. या एका ओळीवर डिसॅबिलिटी पेन्शन अडते. पैशाचं दुःख कमी होतं त्यांना, "म्हणजे मी घरनंच येडा आलो होतो का" हे दुःख जास्त. त्यांना मी 2013 ची सुप्रीम कोर्टाची धरमवीर सिंग केस समजावून सांगितली, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमध्येच झाला असं धरायचं, सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. वकील गाठून दिला, केस आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला लागली, निकाल अजून यायचाय. पण त्या दिवशी ते पिशवीतनं डिस्चार्ज बुक काढून भरतीच्या पानावर बोट ठेवून दहा मिनिटं बघत बसले, आणि पुढच्या भेटीला पहिल्यांदा दाढी करून आले.

सरकारी सोयी नाहीत असं नाही. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, 2003 पासून आहे, पॉलिक्लिनिकमधनं रेफरल मिळतो. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि डिसेंबर 2023 मध्ये खास फौजेसाठीचा सेल पुण्यात एएफएमसीला, फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झालाय. जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा होईल या भीतीनं लोक दवाखान्यात आणत नाहीत अजून, तर तोही कायदा बदललाय, 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की तो माणूस तीव्र तणावात होता असं धरायचं आणि त्याला उपचार द्यायचे. तो नंबर फ्लेक्सवर छापा ना! वाढदिवसाच्या शुभेच्छुकांचे चाळीस फोटो मावतात, पाच आकडे मावणार नाहीत?

मला दर 26 जानेवारीला फोन येतात, मॅडम आमच्या माजी सैनिकांना मोटिवेशनल भाषण द्या. मी म्हणते भाषण नको, मिरवणूक झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मला त्यांच्या घरी घेऊन चला, नुसता चहा प्यायला. आजवर एका सरपंचानं नेलंय. एका. आणि तेही सासऱ्याच्या केससाठी, असो.

दादांचं राहिलं. चौदा महिन्यांनी बोलले. माझ्याकडं न बघता, खिडकीकडं तोंड करून. पोस्टवर तीन महिने, बुखारीच्या, म्हणजे ऊब द्यायच्या शेगडीच्या, रॉकेलचा धूर, थुंकलं तरी काळं. सोबतच्याला रात्री छातीत पाणी झालं, हवामान खराब, हेलिकॉप्टर येईना, सकाळपर्यंत गेला तो. पुढचे दोन दिवस बॉडी तिथंच. "ताई, त्याच्या शेजारी झोपलो मी दोन रात्री. बुखारी विझेल म्हणून कुशीसुद्धा बदलली नाही, एवढा भ्यालेलो. आणि इथं आलो तर वाघ." असं म्हणून हसले, आणि मग बराच वेळ खिडकीतनं बाहेर बघत बसले.

गोळ्या चालू आहेत. वहिनींच्या पर्समध्ये नणंदेच्या घराची किल्ली अजून असते, आणि मीच सांगितलंय असू द्या म्हणून. मोटरचं वेळापत्रक आता वहिनी ठरवतात, ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय, कारण कागदावर असलेली ऑर्डर दादांना पटते.

जूनमध्ये शेवटची होम व्हिजिट केली तेव्हा गोठ्याच्या मागं कडब्याच्या गंजीवर काहीतरी पांढरं दिसलं. तोच फ्लेक्स, वाघाचं तोंड खाली, मागची बाजू वर, चारी कोपऱ्यांना दगड. मी वहिनींना विचारलं, कुणी उतरवला?

"ह्यांनीच. वैरण भिजत होती."