डेव्ह रॉबर्ट्सचा धड रागही करता येत नाही

बेसबॉलमध्ये आम्हा न्यूयॉर्क यांकीजवाल्यांना शिव्या घालायला बॉस्टनच्या रेड सॉक्स संघात माणसांची कधीच कमतरता नव्हती. ऑर्टिझ, पेड्रो, शिलिंग... यादी मोठी आहे, आणि त्यांचा राग करण्यात एक समाधानही असतं. दिग्गज होते, कोट्यवधी डॉलर घेत होते, त्यांनी आम्हाला धुतलं. ठीक आहे.

पण डेव्ह रॉबर्ट्स? राखीव गडी हो! ३१ जुलै २००४ ला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, बॉस्टनने लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून उचललेला. त्याच दिवशी त्यांनी आपल्या लाडक्या स्टारला, गार्सियापाराला घालवलं, त्या बोंबाबोंबीत या माणसाकडे बघायला फुरसत कोणाला होती?

त्यानंतरचा ऑक्टोबर बेसबॉल बघणाऱ्यांना पाठ आहे. वर्ल्ड सिरीज म्हणजे अंतिम मालिका, तिच्या आधीच्या सात मॅचच्या मालिकेत बॉस्टनविरुद्ध आम्ही ३-० पुढे. आदल्याच दिवशी त्यांच्याच फेनवे मैदानावर त्यांना १९-८ ने तुडवलेलं. चौथ्या मॅचची नववी इनिंग, आम्ही ४-३ पुढे, आणि आमचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा. म्हणजे विषय संपला. फक्त त्यांच्या मिलारला वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटात पहिला बेस) मिळाला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला. (क्रिकेटच्या रनरसारखं हे नसतं, बदली पळणारा आला की मूळ खेळाडू त्या मॅचमधून बाद.) हा चोरी करायलाच, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठायलाच आलाय, हे स्टेडियममधल्या शेंगदाणेवाल्यालाही कळत होतं. रिव्हेराने पहिल्या बेसवर एकदा थ्रो केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा तर रॉबर्ट्स थोडक्यात वाचला. आणि मग फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर पठ्ठ्या सुटला. आमच्या कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला होता. दुसऱ्या बेसवर जीटरचा टॅगही (चेंडू धरून पळणाऱ्याला लावणं) चांगला होता. तरी सेफ! लगेच बॉस्टनच्या म्युलरने एकेरी फटका मारला, ४-४, आणि बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझने उरलंसुरलं संपवलं.

रिव्हेराच्या त्या तीन थ्रोंमुळेच आपली धाकधूक गेली आणि पाय मोकळे झाले, असं रॉबर्ट्सनेच नंतर सांगितलंय. म्हणजे कित्येक दिवस बाकावर आखडून बसलेल्या माणसाचा वॉर्मअप आम्हीच करून दिला!

पाचव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला पुन्हा तेच. मिलारच्या जागी रॉबर्ट्स, बरोबरीची धाव त्याचीच. बेसबॉलमध्ये ३-० वरून मालिका गमावणारा पहिला संघ आमचा. आणि त्या अख्ख्या पोस्टसीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) या माणसाने एकदाही बॅटिंग केली नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये तर मैदानातही उतरला नाही. डिसेंबरमध्ये बॉस्टनने त्याला सॅन डिएगोच्या पादरेस संघाकडे पाठवूनही दिला, त्यामुळे पुढच्या मोसमात त्या लाल मोज्यांत त्याची हुर्यो उडवण्याचीही सोय राहिली नाही.

फुकटचं नशीब म्हणावं, तर तेही जमत नाही. त्या मोसमात ४१ प्रयत्नांत ३८ बेस चोरलेत त्याने. डॉजर्समध्ये जुन्या जमान्यातल्या नामी बेसचोराने, मॉरी विल्सने, त्याला बजावून ठेवलं होतं, की एक दिवस सगळ्या मैदानाला ठाऊक असेल तू पळणार आहेस, आणि तरीही तुला पळावंच लागेल. त्या चौथ्या मॅचला आठव्या इनिंगपासून हा आत जाऊन रिव्हेराचे व्हिडिओ बघत, स्ट्रेचिंग करत होता. एवढ्या अभ्यासाला शिव्या तरी काय घालणार?

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी कंपूत एक बॉस्टनवाला आहे. तो मला लगेच २००३ ची आठवण करून देतो. तेव्हा बॉस्टनविरुद्धच्याच अशा मालिकेत आमचा आरॉन बून सातव्या मॅचला बाकावरच होता, आठव्या इनिंगमध्ये बदली पळायला आला आणि अकराव्यात त्यांच्या पिचर वेकफिल्डला होमरन ठोकून बॉस्टनला घरी पाठवलं. बरोबर आहे त्याचं. पण बून आमचा आहे, त्याला सगळं माफ.

२०२४ च्या वर्ल्ड सिरीजला एका डगआउटमध्ये आमचा मॅनेजर म्हणून बून, दुसऱ्यात डॉजर्सचा मॅनेजर रॉबर्ट्स. पाचव्या मॅचमध्ये आम्ही ५-० पुढे होतो. पाचव्या इनिंगमध्ये आमच्या आरॉन जजने हातातला झेल सोडला, व्होल्पेचा थ्रो फसला, पिचर कोल पहिला बेस सांभाळायला गेलाच नाही, आणि मॅच-सिरीज दोन्ही गेली. यावेळी तर रॉबर्ट्सला जागचं उठून पळावंही लागलं नाही.