सीट खाली केली की झाले!

डोंगरवाटांवर चालवायची सायकल घ्यायला निघाला असाल, तर मोजपट्टी घरीच ठेवा. मापे घेण्याचा नतद्रष्टपणा शिंप्याकडे शोभतो. सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकाने फक्त रंग निवडायचा असतो.

तरीही फ्रेमचे माप विचारण्याची हुक्की आलीच, तर विक्रेता आत्मविश्वासाने ‘एकोणतीस’ असे उत्तर देईल आणि आपण ते मान डोलावून स्वीकारावे. एकोणतीस हे चाकाचे माप आहे, ते चाक लहान फ्रेमलाही लागते आणि सर्वांत मोठ्या फ्रेमलाही लागते, असले बारकावे काढून कुणाचा हिरमोड करू नये. चपलेचा नंबर विचारून सदरा बेतणारे शिंपी आपल्याला भेटले नाहीत, हे आपलेच दुर्दैव.

दुकानात जी एकच सायकल उरली आहे, तीच नेमकी आपल्या मापाची असते.

दोन मापांत घोटाळा होत असेल, तर डोळे मिटून मोठे घ्यावे. लहानपणी आईने वाढत्या अंगाचे कपडे घेतलेच होते. चाळिशीनंतरही उंची वाढेल, अशी आशा बाळगायला काय हरकत आहे? उलट लहान फ्रेम पदरी पडलीच, तर सीटचा दांडा त्यावरील खुणेच्या पुढे खुशाल वर ओढावा. फ्रेमला तडा जाईपर्यंत काहीही होत नाही.

आता सर्वांत मोलाचा सल्ला, जो मला गेल्या महिन्यात मोठ्या फ्रेमची सायकल घेताना फुकट मिळाला: ‘सीट खाली करून देतो.’ विक्रेत्याने अर्ध्या मिनिटात पकड सैल केली, दांडा तळापर्यंत दाबला, सीटवर थाप मारली आणि म्हणाला, ‘बघा, टेकले की नाही दोन्ही पाय?’ टेकले. आता सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकत असतील, तर पायडल मारताना गुडघे छातीकडे येतात. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचाच बाक राहायला हवा, म्हणजे सीट बऱ्यापैकी वरच हवी. पण हेही सोडा. सीट खाली गेली की मागे कललेल्या नळीमुळे ती किंचित पुढे सरकते, हे मला मान्य आहे. मात्र दगडधोंड्यांच्या उतारावर सीटवर बसतो कोण? तिथे माणूस पायडलवर उभा असतो, आणि तेव्हा हिशेब एकच असतो: पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, तिथपासून फ्रेममधल्या हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, ज्याला ‘रीच’ म्हणतात. शेजारच्या दोन मापांत ते सहसा दोन-तीन सेंटिमीटरनी बदलते, आणि सीट पाताळात नेली तरी ते एका मिलिमीटरनेही कमी होत नाही. स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारी दांडी, आखूड लावून द्या म्हटले, तर आजकाल ती मुळातच 35 ते 50 मिलिमीटरची असते. तिच्यातून आणखी काय कापणार?

मग सुरू होते दुसरे पालुपद: ‘सवय होईल.’ झाली. लांबच्या हँडलावर ताणून रेलल्यामुळे करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होण्याची सवय झाली; परवा सदऱ्याचे बटण लावायला आरशासमोर चार मिनिटे उभा होतो. मान अवघडण्याचीही झाली. उभे राहिल्यावर वरच्या नळीत आणि आपल्यात निदान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी असते. माझ्याकडे ती दुकानातल्या गुळगुळीत फरशीवरही नव्हती. वाटेत चाक दगडाला अडले, मी उताराच्या बाजूला पाय टाकला, जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली निघाली आणि नळी मात्र होती तिथेच राहिली. पुढचे सभ्य मराठीत लिहिता येत नाही.

आता उपरोध पुरे. अहो, तुम्ही सायकल विकता की गोदाम रिकामे करता? जवळपास प्रत्येक नामांकित कंपनी रीच आणि फ्रेमच्या उंचीचे आकडे मिलिमीटरमध्ये छापते, एका कंपनीचे मध्यम माप दुसरीच्या मोठ्या मापाइतके निघते, आणि तुम्हाला तो तक्ता उघडून बघण्याचाही कंटाळा येतो! ‘सगळ्यांना बसते’ म्हणताना तुमची जीभ अडखळतही नाही. आणि ‘मोठीच घे, रुबाबदार दिसते’ म्हणणारे मित्रहो, उतारावर रुबाब ब्रेक लावत नाही, हे तुम्हाला कधी कळणार?

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, दोन पायांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर दाबायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. ते सेंटिमीटर 0.226 ने गुणले की फ्रेमच्या मापाचा जुना, ढोबळ अंदाज इंचांत निघतो. माझे 76 भरले, म्हणजे सतरा इंचांच्या आसपास. दारात उभी आहे ती एकोणीसची. दुकानात हा आकडा मला कुणी विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही, कारण तोवर मी तो कधी मोजलाच नव्हता.