तुरटीतही ॲल्युमिनियमच असतं

गेले दोन-तीन महिने आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या, शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो पाच जणींनी पाठवला. थोडक्यात असा: ‘डिओ घाम अडवतो. अडलेल्या घामातलं विष काखेतल्या गाठींत साठतं आणि त्यातून स्तनाचा कॅन्सर होतो, हे संशोधनानं सिद्ध झालंय. डिओतलं ॲल्युमिनियम रक्तात उतरतं. आजच डिओ फेकून द्या. खोबरेल तेल, खायचा सोडा, लिंबाचा रस आणि तुरटीची पूड एकत्र करून घरच्या घरी शंभर टक्के ॲल्युमिनियममुक्त डिओ बनवा. पहिले तीन आठवडे वास वाढेल, पुरळ येईल, घाबरू नका, ते विष बाहेर पडतंय. आजीच्या काळी डिओ नव्हते, म्हणून कॅन्सरही नव्हता.’

माझं कोथरूडला औषधांचं दुकान आहे. एकोणीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. घरचं डिओ वापरू नका, असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. ज्याला त्याला आपापल्या काखेचा निर्णय घेता येतो. लिहायला बसले ते एका काकूंमुळे. त्या दर महिन्याला मुलीच्या टॅमॉक्सिफेनच्या, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरच्या, गोळ्या न्यायला येतात. मुलगी अडतीस वर्षांची, मागच्या वर्षी ऑपरेशन झालं. परवा गोळ्या घेतल्या, पैसे दिले, तरी त्या हलेनात. दुकानातली गर्दी सरल्यावर हळूच म्हणाल्या, “ती कॉलेजला जायला लागली तेव्हा डिओची बाटली मीच आणून द्यायचे हो. माझ्यामुळेच झालं का तिला?”

त्या फॉरवर्डमधलं एकेक वाक्य म्हणूनच नीट तपासायला हवं.

पहिलं, घामातलं विष. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, त्यात मीठ, थोडं लॅक्टेट, थोडा युरिया. अंग थंड ठेवणं हे त्याचं काम. शरीरातली नकोशी द्रव्यं निस्तरतात ती यकृत आणि मूत्रपिंडं. अंगावर वीस ते चाळीस लाख घामग्रंथी पसरलेल्या असतात, त्यातल्या काखेतल्या काही झाकल्या गेल्या तर घाम बाकीच्या ठिकाणाहून येतच राहतो. आणि काखेतल्या लसिकाग्रंथी, ज्यांना आपण गाठी म्हणतो, त्यांचा घामाच्या नळ्यांशी काही संबंध नाही. घामाची नळी त्वचेवर उघडते, गाठींमध्ये नाही. अडलेला घाम गाठींत जाऊन बसायला वाटच नाही.

दुसरं असं की आपल्याकडे ज्याला सरसकट डिओ म्हणतात तो बहुतेक वेळा घाम अडवतच नाही. फवाऱ्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक बाटल्यांत अल्कोहोल, सुगंधी द्रव्य आणि फवारा उडवणारा गॅस इतकंच असतं. अल्कोहोलनं जिवाणू कमी होतात, सुगंधानं वास झाकला जातो, घाम आहे तसा येतो. घाम खरोखर कमी करतात ती अँटिपर्स्पिरंट, म्हणजे मुख्यतः रोल-ऑन आणि स्टिक. त्यांच्या लेबलवर ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा त्याच्याच घरातलं एखादं नाव दिसेल. घामात विरघळून ते नळीच्या तोंडाशी जेलसारखं बूच तयार करतं. त्वचा झडते तसं ते बूचही निघून जातं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं या दोन वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात भरल्यात. त्यामुळे लोक अजिबात ॲल्युमिनियम नसलेली बाटली ॲल्युमिनियमच्या भीतीनं फेकून देतायत.

आता ते रक्तात किती उतरतं? २००१ साली अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या एका ओळखू येणाऱ्या समस्थानिकाचं, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचं, क्लोरोहायड्रेट करून ते काखेत लावून मोजलं गेलं. लावल्यापैकी ०.०१२ टक्के शरीरात गेलं, म्हणजे दहा हजार भागांतला साधारण एक भाग. तेवढ्याच काळात अन्नातून आतड्यात शोषल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुलनेत हे सुमारे अडीच टक्के भरतं. हा प्रयोग दोनच माणसांवर झाला होता, तेही सांगायला हवं; तेवढ्यावर विसंबून राहू नये, ही शंका रास्तच. म्हणून पुढे जास्त माणसांवर मोजमापं झाली, आणि ती सगळी बघून युरोपियन युनियनच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीनं २०२० मध्ये मत दिलं: फवारा नसलेल्या डिओत आणि अँटिपर्स्पिरंटमध्ये ६.२५ टक्क्यांपर्यंत, फवाऱ्यात १०.६० टक्क्यांपर्यंत ॲल्युमिनियम सुरक्षित आहे.

माझ्या दुकानात ॲसिडिटीची जी पातळ औषधं रोज खपतात, त्यातल्या पुष्कळांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. लोक ते चमच्यानं पितात. त्याबद्दल मला आजवर एकही फॉरवर्ड आलेला नाही.

एक अपवाद मात्र मनापासून सांगते. ज्यांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांच्या शरीरात ॲल्युमिनियम साठू शकतं. त्यांनी अँटिपर्स्पिरंट लावण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि ब्लेडनं कापलेल्या, सोलवटलेल्या काखेवर कुणीच लावू नये.

कॅन्सरचं सगळ्यात महत्त्वाचं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ बायकांना विचारून अभ्यास झाला. काख शेव्ह करता का, डिओ लावता का, अँटिपर्स्पिरंट लावता का, शेव्ह केल्यावर तासाभरात लावता का. दोन्ही गटांत फरक सापडला नाही. मग फॉरवर्डमध्ये ‘संशोधनानं सिद्ध’ असं कुठून येतं? बहुधा २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासावरून. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या वीस गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन हे टिकाऊपणासाठी वापरलं जाणारं द्रव्य सापडलं. पण शेजारच्या निरोगी पेशींत ते आहे की नाही हे त्यात तपासलं नव्हतं, आणि ते डिओतूनच आलं असंही त्यातून ठरत नव्हतं. पॅराबेन क्रीममध्ये, शांपूत, औषधांतही असतं. एखादी वस्तू गाठीत सापडली म्हणजे गाठ तिनंच केली, असं होत नाही.

‘गाठ बहुतेकदा काखेच्या बाजूलाच का येते मग?’ असंही विचारतात. कारण स्तनाच्या त्या वरच्या, बाहेरच्या भागात दूधग्रंथींच्या पेशी सगळ्यात जास्त असतात. जिथे पेशी जास्त, तिथे गाठीही जास्त.

काकूंशी बोलता बोलता त्यांचा विश्वास नेमका कशावर बसलाय ते मला कळलं. मुलीच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, आदल्या दिवशी सेंटरवरून फोन आला होता: ‘उद्या डिओ, पावडर काही लावून येऊ नका.’ काकूंनी त्याचा अर्थ लावला की डॉक्टरांनाही माहितीय, फक्त ते बोलत नाहीत. ही सूचना खरी आहे आणि सगळीकडे देतात. कारण इतकंच की काखेत राहिलेले ॲल्युमिनियमचे कण एक्स-रेमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि ते कॅन्सरची खूण असू शकणारे कॅल्शियमचे ठिपके समजले जाऊ शकतात. फोटो स्वच्छ यावा म्हणून ते पुसून यायचं. हे मी सांगितलं तेव्हा त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “एवढंच?” एवढंच, काकू.

आता ती रेसिपी. तिच्यात ‘शंभर टक्के ॲल्युमिनियममुक्त’ असं म्हणून तुरटी घातलीय. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. तिच्या वजनात पावणेसहा टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियमच असतं. दाढीनंतर सलूनवाला गालावर जो खडा फिरवतो तो हाच, आणि महागड्या ‘क्रिस्टल डिओ’ची कांडीही बहुतेक वेळा हीच. ‘पण ते नैसर्गिक ॲल्युमिनियम’ असं उत्तर मला मिळालं. तुरटी पाण्यात विरघळली की सुटणारा ॲल्युमिनियमचा आयन डोंगरातून आलाय की कारखान्यातून, हे त्वचेला कळत नाही. मला तुरटीविरुद्ध काही म्हणायचं नाही. ती जिवाणू रोखते, त्वचा थोडी आवळते, स्वस्त आहे; मी स्वतः ती विकते. पण तुरटी चालत असेल तर रोल-ऑनची भीती कशाला, याचं उत्तर फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी द्यायला हवं.

पुढचं तर घरात करून बघण्यासारखं आहे. मी करून पाहिलं. स्टीलच्या वाटीत दोन चमचे सोडा घेतला, त्यावर लिंबू पिळलं. फस्सकन फेस आला आणि बसला. आंबट रसानं सोडा मारला, सोड्यानं रस मारला. उरलं ते सोडियम सिट्रेट, पाणी आणि जास्तीचा सोडा. दुसऱ्या वाटीत सोडा आणि ओली तुरटी, तिथेही तोच फेस, आणि खाली पांढरट गाळ. तो गाळ म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, वर सांगितलेल्या ॲसिडिटीच्या औषधातलंच. म्हणजे चार पदार्थांतले तीन एकमेकांनाच बरेचसे संपवतात. राहता राहिलं खोबरेल. ते चोवीस-पंचवीस अंशांच्या वर पातळ होतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ते छान थिजेल. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तेल वर आणि उरलेल्या सोड्याचे खडे तळाशी. सोडा तेलात विरघळत नाही, त्यामुळे काखेत बोट फिरवलं की वाळूसारखा घासतो.

हे घासणं काय करतं ते मी पाहिलंय. एक मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची असेल, ओढणी खांद्यावर घट्ट धरून आली. “ताई, जरा आत येऊन बघाल?” दोन्ही काखांत तळहाताएवढा लालभडक चट्टा, कडेला तपकिरी काठ, मधली त्वचा कागदासारखी सुटत आलेली. हात खाली करताना ती दात आवळत होती. अकरा दिवस ती ते मिश्रण लावत होती, आणि पाचव्या दिवशी आग व्हायला लागल्यावरही थांबली नव्हती. कारण फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं ना, पुरळ म्हणजे विष बाहेर पडतंय.

या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. सोड्याचा पीएच आठच्या वर. रोज तो चोळला की त्वचेचं वरचं संरक्षण जातं आणि ती भाजल्यासारखी होते. लिंबू उलट्या टोकाला, पीएच दोनच्या जवळ, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर काळे डागही पडतात. पुरळ ही ‘थांब’ अशी खूण आहे. फॉरवर्ड तिचा अर्थ ‘चालू ठेव’ असा सांगतो. त्या मुलीला मी काहीही विकलं नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आग आठवड्यात गेली; काळे डाग जायला आपल्या वर्णाच्या त्वचेला महिने लागतात.

वास वाढतो हे मात्र काही जणांच्या बाबतीत खरं आहे, फक्त कारण वेगळं. काखेतल्या घामाला मुळात वास नसतो. तिथले जिवाणू त्यातले घटक तोडतात आणि मग वास येतो. अँटिपर्स्पिरंट बंद केलं की काही दिवसांत जिवाणूंची संख्या पुन्हा वाढते. यात विष कुठेच नाही, त्यामुळे काही जण सांगतात तसं काखेला मुलतानी मातीचा लेप लावून ते ‘ओढून काढण्याचा’ प्रश्नही उरत नाही.

आजीच्या काळाबद्दल थोडंच. १७१३ मध्ये इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं नोंदवून ठेवलंय की ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसतो. पहिला विकत मिळणारा डिओ अमेरिकेत आला १८८८ मध्ये. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं, म्हणजे अशा गाठीचं, वर्णन आहेच. स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तरच्या घरात आहे. कॅन्सर वयाबरोबर वाढतो, आणि आजीच्या काळी कितीतरी जणी त्या वयाला पोचायच्या आधीच गेल्या, कितीतरी जणींनी गाठ पदराआड लपवून ठेवली. नव्हता असं नाही, नाव घेतलं जात नव्हतं.

डिओ नकोच असेल तर काय करायचं, हे दुकानात रोज विचारतात. मी सांगते ते साधं आहे. स्वारगेटहून भरलेल्या बसनं हिंजवडीला जाणाऱ्यानं आंघोळीनंतर काख पूर्ण कोरडी करावी, केस बारीक ठेवावेत, पॉलिस्टरऐवजी सुती बनियन घालावा. पॉलिस्टरमध्ये वास जास्त धरतो. ओल्या काखेत तुरटीचा खडा एकदा फिरवून वाळू द्यावा, शेव्ह केलेल्या दिवशी नाही. नागरमोथा, वाळा, कचोरा घातलेलं उटणं ज्यांना मानवतं त्यांनी खुशाल लावावं, पण कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघावी. फवारा वापरणाऱ्यांनी बंद बाथरूममध्ये ढग उडवू नये, आणि गॅसजवळ तर कधीच नाही.

काखेत किंवा स्तनात न दुखणारी गाठ हाताला लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर काय लावायचं हे विचारायला माझ्या दुकानात येऊ नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. काकूंच्या मुलीला गाठ लागली तेव्हा ती चार महिने थांबली होती. डिओ तेव्हाच बंद केला होता, आणि वाटत होतं, आता जिरेल.