पार्टिशन बदललं म्हणून लिनक्स नव्याने टाकायला नको

वागळे इस्टेटपासून घणसोलीपर्यंतच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "लिनक्स दुसऱ्या हार्ड डिस्कवर न्यायचं तर पार्टिशनं (डिस्कचे पाडलेले भाग) हुबेहूब तशीच हवीत. डीडी (अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवणारी आज्ञा) मारा, नाहीतर नव्याने इन्स्टॉल करा. फाइली कॉपी केल्या की परमिशनची (कुठली फाइल कुणाची, कुणाला उघडता येते याची) वाट लागते." पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी हे करून पाहिलेलं दिसत नाही.

पार्टिशनं तशीच हवीत? अजिबात नाही. सगळं एकाच पार्टिशनवर आहे की होम (वापरणाऱ्याच्या फाइलींचं फोल्डर) वेगळं काढलंय, याचं लिनक्सला सोयरसुतक नसतं. कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं, म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडायचं, हे ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब (fstab) फाइलीत यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या ओळखक्रमांकाने, लिहिलेलं असतं. ब्लकआयडी (blkid) आज्ञेने नवे यूयूआयडी बघा आणि त्या ओळी बदला. जुन्या स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायच्या पार्टिशनची) ओळ तशीच राहिली तर बूट होताना सिस्टमडी (लिनक्सच्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद त्या नसलेल्या पार्टिशनची वाट बघत बसतं. मग "नवी एसएसडीसुद्धा स्लो आहे" म्हणून बोंब.

डीडी पार्टिशन टेबलासकट सगळं उचलतं, म्हणजे पार्टिशनं वेगळी करायची असतील तर ते उलट आडवंच येतं. एक टीबीची जवळपास रिकामी डिस्क २५६ जीबीच्या एसएसडीवर डीडीने बसणार कशी? शिवाय दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर यूयूआयडी सारखेच, आणि नक्की कुठली माउंट झाली याचा पत्ता नाही.

परमिशनचं म्हणणं अर्धं खरं आहे. फाइल मॅनेजरमधून ओढून टाकलंत तर वाट लागणारच. लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून) बूट करून रूटने, म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून, आरसिंक (फाइली कॉपी करणारी आज्ञा) चालवा. त्याला नुसता छोटा ए (-a) दिला तर मात्र पुरत नाही. हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं), एसीएल (जादा परमिशन) आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला चिकटलेली जादा माहिती) यांसाठी मोठे एच, ए आणि एक्स (-HAX) द्यावे लागतात.

खरी गोची बूटची, आणि तिच्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. मशीन यूईएफआयवर (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरवर) बूट होत असेल तर नव्या डिस्कवर फॅट३२ची ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली ठेवायची) हवी. डेव्ह (/dev), प्रॉक (/proc), सिस (/sys) ही फोल्डरं नव्या सिस्टमला बाइंड माउंट करून (जोडून) सीएचरूटने (chroot) तिच्यात शिरा आणि ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) पुन्हा बसवा. उबुंटू-डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस आणि अपडेट-ग्रबही चालवा. हे राहिलं की लोक काळ्या स्क्रीनकडे बघत म्हणतात, "बघ, सांगितलं होतं ना!"

डिस्क खडखडायला लागली असेल तर मात्र आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कमधून वाचेल तेवढं उचलणाऱ्या आज्ञेने) इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, काढा, तीही डिस्क माउंट न करता. पार्टिशनांचं मग निवांत बघता येतं.