म्हाताऱ्या कुत्र्याला वळण कसं लावावं

तुमच्या घरातलं कुत्रं दहा-अकरा वर्षांचं झालं असेल, आजवर कुणाच्या वाटेला गेलं नसेल आणि परवा अचानक पाठीवर हात टाकणाऱ्या पोरावर गुरगुरलं असेल, तर घाबरून जाऊ नका. डॉक्टरकडे तर मुळीच धावू नका. त्याचा स्वभाव बिघडला आहे, एवढंच. मराठीत यासाठी एक नामी शब्द आयता तयार आहे, म्हातारचळ. तो एकदा उच्चारला की पुढे काही करावं लागत नाही, शिवाय फी पडत नाही. माणसांवर तो आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरून पाहिलेला आहे.

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी बंड्या नावाचा लॅब्रॅडॉर आहे, वय वर्षं ११. चिंगी नावाची मांजर आहे, आईची लाडकी, वय १३. या दोघांना वळण लावण्याचा मला दीड वर्षाचा दांडगा अनुभव आहे.

आधी दुखण्याची व्याख्या पक्की करून घ्या. ज्याला दुखतं तो ओरडतो. शेपटीवर पाय पडला की कुत्रं केकाटतं, म्हणजे दुखलं की त्याला सांगता येतं. मग जे केकाटत नाही त्याला दुखत नाही, संपला विषय. वेदनेच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबत टीप जोडली की बोलून सांगणं ही वेदना दाखवण्याची अनेक रीतींपैकी फक्त एक रीत आहे. माणूस असो की जनावर, त्याला सांगता येत नाही म्हणून दुखत नाही असं होत नाही. ठीक आहे, पण त्या संघटनेला आमच्या सोसायटीत राहायचं नाही.

व्याख्या ठरली की बाकी सोपं आहे. फिरायला नेल्यावर दुसऱ्या कोपऱ्यावर बसकण मारली, तर आळशी. गाडीत उडी घ्यायची सोडून दाराशी उभा राहिला, तर हट्टी. पुढच्या पायाचा एकच सांधा तासन्‌तास चाटत बसला, तर घाणेरडी सवय. बेल वाजल्यावर दाराकडे धावला नाही, तर 'आता कसा शांत झालाय', आणि ही मात्र कौतुकाची बाब. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ही म्हण अशा वेळी फार आधार देते. ही खोड दहा वर्षं कुठे दबा धरून बसली होती, असा प्रश्न कुणी विचारला तर विषय बदला.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्यासारखेच प्राण्यांच्या वागण्याचे काही डॉक्टर, यांनी नेमका हाच प्रश्न धरून ठेवला. वागणूक बिघडली म्हणून आपल्याकडे पाठवलेल्या कुत्र्यामांजरांची प्रकरणं त्यांनी तपासली. २०२० साली त्यांनी लिहिलं की हात राखून अंदाज केला तरी यातल्या साधारण एक तृतीयांश प्राण्यांत कसलं ना कसलं दुखणं सापडतं, आणि काहींच्या प्रकरणांत हा आकडा ८० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ज्यांना लोक 'डोक्यात गेलेलं कुत्रं' म्हणून घेऊन आले, त्यांच्यातल्या कित्येकांचं डोकं ठिकाणावर होतं, बिघाड खुब्यात, पाठीत, दाढेत किंवा कानात होता. असले लेख वाचू नका. वळण लावायचा उत्साह जातो.

गुरगुरण्यावर ताबडतोब उपाय करा. गुरगुरला की नाकावर चापट, पट्ट्याला हिसका. दोन-चार वेळा केलंत की गुरगुरणं थांबतं. कुत्र्याकडे 'हात काढ, दुखतंय' हे सांगायला तेवढी एकच सभ्य सोय होती, ती तुम्ही यशस्वीपणे बंद केलीत. पुढच्या खेपेला तो न गुरगुरता चावेल. तेव्हा सगळ्यांना सांगता येईल, 'काही कारण नसताना चावला हो!'

आता फरशी. आपल्या फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या गुळगुळीत टाइल्स असतात, ज्यात पंख्याची पाती मोजता येतात. तरुण कुत्रं त्यावरून घसरतं तेव्हा आपण व्हिडिओ काढतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, ते भिंतीच्या कडेकडेने चालतं, आणि पाण्याचं भांडं खोलीच्या मधोमध असेल तर तहान लागली तरी लांबून भांड्याकडे बघत बसतं. बंड्या असा बसायचा. मी म्हणायचो, याला हातात आणून द्यायला हवं, नवाब झालाय. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी त्याला ऐकवलंसुद्धा. पुढे कळलं की अंगण खरंच वाकडं होतं. भांड्यापर्यंत जुनी सतरंजी टाकली तर नवाब उठून पाणी प्यायला. पण सतरंजीमुळे हॉलचा लुक जातो, तेव्हा तुम्ही टाकू नका.

खाण्यात हात आखडता घेऊ नका. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारी तुपाची पोळी, रात्री 'त्याने माझ्याकडे बघितलं' म्हणून आणखी एक. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांना पिल्लू असल्यापासून जोड्या लावून वाढवलं होतं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. २००२ साली निकाल छापून आला, की कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. आमच्याकडे असला प्रयोग शक्य नाही. घरात पाच माणसं आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की बंड्याला फक्त आपणच देतो.

मांजराचं वळण हा वेगळा विषय, त्यात माझी कामगिरी जास्त चांगली आहे. चिंगी बारा वर्षं जमिनीवरून थेट ओट्यावर उडी मारायची. पातेल्याचं झाकण पडल्याचा आवाज हा आमच्या घरचा सकाळचा भोंगा होता. मग ती आधी स्टुलावर आणि तिथून ओट्यावर अशी दोन टप्प्यांत जायला लागली. मी हुशारीने स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. चिंगी ओट्याखाली बसून वर बघायची, मागचे पाय दोनदा चुळबुळवायची, उडीचा अंदाज घ्यायची आणि उठून निघून जायची. महिन्याभरात बघणंही बंद झालं. 'शेवटी शिकली,' मी बायकोला म्हटलं. बारा वर्षांत जे जमलं नाही ते मी एका स्टुलात करून दाखवलं, असं मला वाटत होतं.

मग तिने माझ्या गादीवर मुतायला सुरुवात केली. हा सूड, यात शंका घेण्याचं कारण नाही. मांजर डूख धरतं हे सर्वांना माहीत आहे. तिच्या मातीचा ट्रे ड्राय बाल्कनीत, वीतभर उंच उंबऱ्याच्या पलीकडे, आणि ट्रेचा काठ त्याहून उंच. सांधे दुखणारं मांजर तिथवर जायचा कंटाळा करतं आणि मऊ, सपाट, जवळची जागा शोधतं. पण एवढा कोरडा खुलासा कुणाला पटणार? सूड कसा, ऐकायला बरा वाटतो. अंग चाटणं तिने सोडलं, कमरेवर केसांच्या गाठी झाल्या, ते वळायला दुखतं म्हणून नव्हे तर 'आता लक्षच नाही हिचं' म्हणून. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासून अमेरिकी डॉक्टरांनी २००२ साली लिहिलं की त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसते. एक्स-रेत दिसलेली प्रत्येक झीज दुखतेच असं नाही, हे खरं. पण नव्वदच्या नव्वद मांजरं सूडबुद्धीने पेटली असतील, हेही जरा अवघडच.

औषधाचं म्हणाल तर घराघरात एक डबा असतो. आजोबांच्या गुडघ्याची गोळी त्यात उरलेली असते आणि हात शिवशिवतात. इथे मी थट्टा थांबवतो, कारण इथे लोक खरंच वडाची साल पिंपळाला लावतात. मांजराला पॅरासिटॅमॉल देऊ नका. ते पचवून बाहेर टाकण्याची सोयच तिच्या यकृतात तोकडी आहे. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि एका गोळीने जीव जाऊ शकतो. माणसांचं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं. आधीच देऊन झालं असेल तर हा लेख इथेच सोडा आणि डॉक्टरला फोन लावा. डायक्लोफेनॅक तर आपल्या देशात गिधाडांना भोवलं. ते दिलेली गुरं मेली की त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरायची, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एकाची वेदनाशामक गोळी दुसऱ्याला काय करेल, याचा एवढा मोठा धडा दुसऱ्या कुठल्या देशाला क्वचितच मिळाला असेल.

बरं, पुन्हा वळणाकडे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं पामेरियन १५ वर्षांचं आहे. ते रात्री तीनला उठून भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. दार उघडायला सांगतं तेही बिजागरीच्या बाजूला उभं राहून, आणि दार उघडलं की गोंधळून जातं. काकूंनी अमावस्या-पौर्णिमा जुळवून पाहिली. कुत्र्याला यमदूत दिसतात हे आपल्याकडे कोण नाकारणार? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांना यमदूत ठाऊक नसावेत. त्यांनी २००१ साली साधा हिशेब मांडला. वाट चुकणं, माणसं न ओळखल्यासारखं करणं, झोपेची उलथापालथ, घरात घाण करणं, यांपैकी किमान एक लक्षण ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत सापडलं. मेंदूची झीज म्हणतात तिला. त्यात रात्रीचं येरझारा घालणं दुखण्यामुळेही असतं, आणि दोन्ही एकत्र नांदत असतील तर डॉक्टरलाही चटकन उलगडत नाही. काकांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्याने कुत्रं पळालं ते बरोबर बिजागरीच्या बाजूला.

फटाक्यांचं थोडक्यात. आयुष्यभर न घाबरलेलं कुत्रं आठव्या-नवव्या दिवाळीत अचानक पलंगाखाली शिरायला लागलं तर 'भित्रट झालं' म्हणा. आवाजाने दचकलं की अंग आखडतं, आखडलं की सांधा दुखतो, आणि मग आवाज म्हणजेच दुखणं असं डोक्यात पक्कं होतं, अशी शंका २०१८ च्या एका अभ्यासात मांडली आहे. अभ्यास लहान होता, फक्त वीस कुत्र्यांचा. माळ मोठी लावा.

एवढं वळण लावून झाल्यावर बंड्या आणि चिंगी दोघंही निम्मे सुधारले होते. घोळ आईने घातला. आईचं वय ७८, गुडघे गेलेले. खुर्चीतून उठताना ती आधी हाताने जोर देते, अर्ध्यात थांबते, मग कंबर सरळ करते, पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकते आणि पाचव्या पावलापासून बरी चालते. एका दुपारी ती म्हणाली, "अरे, हा माझ्यासारखा उठतो बघ." मी पाहिलं. पुढचे पाय रोवून तो अर्धा उठला, थांबला, मागचं धूड ओढलं, चार पावलं लाकडासारखी टाकली आणि मग नीट चालायला लागला. आई हे म्हणे वर्षभर सांगत होती. आम्ही ते तिच्या वयावर टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर घेतलंच नाही. आधी घरचा चालतानाचा व्हिडिओ मागितला, कारण दवाखान्यात शिरल्यावर कुत्रं दुखणं लपवून टणटणीत चालून दाखवतं. मग खाली बसून त्याचा मागचा पाय हळूहळू मागे ताणला. तो केकाटला नाही. त्याचं धापणं थांबलं, तोंड मिटलं, जिभेने एकदा ओठ चाटले आणि त्याने मान वळवून बाईंच्या हाताकडे पाहिलं. "हे बघितलंत?" त्या म्हणाल्या. "हा ओरडला." एक्स-रेत उखळीच्या सांध्यातली उखळ जवळजवळ सपाट झालेली होती, दोन्ही बाजूंची. रक्त तपासून दोन आठवड्यांचं औषध दिलं. वागणं बदललं तर दुखत होतं असं समजायचं. वजन चार किलो उतरवायला सांगितलं. आठवड्याने चिंगीलाही नेलं.

तर मंडळी, इशारा एवढाच. औषध सुरू कराल तर केलेली मेहनत पाण्यात जाईल. तिसऱ्या आठवड्यात बंड्या पुन्हा बेल वाजली की दाराकडे धावायला लागला. पोरगा आता त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपतो आणि तो शेपूट आपटत राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली आहे, 'आपला कुत्रा मध्यंतरी चांगला शांत होता, कृपया लक्ष द्यावे.' चिंगीच्या ट्रेऐवजी आईने जुनी उथळ परात काढून दिली, ती न्हाणीघराच्या दाराशी ठेवली आहे. माझी गादी कोरडी आहे.

काल सकाळी सहाला झाकण पडल्याचा आवाज झाला. जाऊन बघतो तर चिंगी ओट्यावर, तोंड सायीत. ओट्याला लागून स्टूल होतं, जे मी माळ्यावर टाकलं होतं. आई देवघरात जप करत होती. एरवी ती मनातल्या मनात करते, काल मात्र चांगला मोठ्याने चालला होता.